साथ कोणत्या वाटेने येते

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी तापाने फणफणलेल्या एका रुग्णाला तपासले आणि त्याच्या अंगावरील गाठी पाहून हा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी आणि दाटीवाटीच्या वस्तीने भरलेला भाग होता. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले, रोग पुण्यात पोचला आणि त्यानंतर जवळपास सर्व देशभर पसरला. पुढील अडीच-तीन दशकांत भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

या साथीची एक बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. प्लेगचा जंतू त्या वेळी अज्ञात नव्हता. अलेक्झांडर येर्सिन याने तो दोन वर्षे आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत शोधून काढला होता. म्हणजे रोग कशामुळे होतो याचे उत्तर हाताशी होते. तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कसा जातो याचे मात्र नव्हते. संसर्गजन्य रोगांविषयी सामान्य वाचकाला जे काही समजून घ्यायचे असते, त्यातील बहुतांश गोष्टी या दोन प्रश्नांमधल्या अंतरात सामावलेल्या आहेत, आणि म्हणूनच हा लेख प्लेगचा हात धरून पुढे जाणार आहे.

उत्तर माहीत नसताना सरकारने काय केले ते पाहू. दुर्गंधी आणि दूषित हवा यांतून रोग उपजतो ही जुनी समजूत तेव्हा डॉक्टरांच्या मनातूनही पुरती गेलेली नव्हती. त्यामुळे मुंबईतील गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक आम्ल सोडण्यात आले, भिंतींना चुना फासण्यात आला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढण्यात आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्याने अधिकाऱ्यांना प्रवाशांची तपासणी करण्याचे व रोग्यांना वेगळे ठेवण्याचे व्यापक अधिकार दिले. पुण्यात प्लेग-बंदोबस्ताचा प्रमुख इंग्रज अधिकारी रँड याच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघरी झडत्या घेतल्या, सामान रस्त्यावर फेकले, संशयितांना छावण्यांत नेले. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. या जुलमाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या समजुतीवर तो सारा बंदोबस्त उभा होता ती मुळातच अपुरी होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. माणसांना माणसांपासून तोडण्यावर सगळी शक्ती खर्च होत होती आणि रोग प्रामुख्याने माणसाकडून माणसाकडे जातच नव्हता.

जंतू, संसर्ग आणि रोग

ज्या रोगाचे मूळ एखाद्या सजीव वा सजीवसदृश घटकाच्या शरीरप्रवेशात असते तो संसर्गजन्य रोग. हा घटक जिवाणू असू शकतो, जसा प्लेग, क्षय, पटकी वा विषमज्वरात. विषाणू असू शकतो, जसा गोवर, डेंग्यू वा फ्लूमध्ये. एकपेशीय परजीवी असू शकतो, जसा मलेरियात. शिवाय बुरशी आणि जंत आहेतच. ही वर्गवारी केवळ पुस्तकी नाही. जिवाणूंवर प्रतिजैविके चालतात, विषाणूंवर चालत नाहीत; म्हणून विषाणूमुळे झालेल्या साध्या सर्दीखोकल्याला प्रतिजैविकाच्या गोळ्या घेणे निरुपयोगी तर असतेच, पण त्यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढीला लागतात.

संसर्ग होणे आणि आजारी पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो. क्षयाचा जंतू जगातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लोकांच्या शरीरात कधी ना कधी शिरलेला असतो, पण त्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते आणि अशा सुप्त अवस्थेत तो दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. पोलिओचे याच्या उलट आहे. पोलिओ विषाणूचा संसर्ग झालेल्या साधारण दोनशेंपैकी एकाला कायमचा लुळेपणा येतो, बाकी बहुतेकांना काही जाणवतही नाही, पण ती मुले विष्ठेवाटे विषाणू बाहेर टाकत राहतात. एका गावात पोलिओचा एक रोगी दिसला याचा अर्थ तिथे शेकडो संसर्ग आधीच होऊन गेलेले आहेत, असा घ्यावा लागतो. एका रुग्णामागे सबंध तालुक्याला पुन्हा डोस पाजण्याची धावपळ का होत असे, ते यावरून कळते.

संसर्गजन्य म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागणारा, असे आपण सहज धरून चालतो. तेही नेहमी खरे नसते. धनुर्वात जंतूमुळेच होतो, पण तो जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतो आणि जखमेतून आत शिरतो. धनुर्वाताच्या रोग्याची कितीही सेवा केली तरी सेवा करणाऱ्याला तो होत नाही.

उंदीर पडले की

पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर साथीच्या काळात मुंबईत आला आणि पुढे कराचीत त्याने आपले काम नेले. काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायावर, एक बारीक फोड दिसतो आणि त्याच बाजूच्या जांघेत गाठ येते, हे त्याच्या ध्यानात आले. तो फोड कीटकाच्या दंशाचा असावा आणि तो कीटक उंदरावरची पिसू असावी, असा त्याचा तर्क होता. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने एक प्लेगग्रस्त उंदीर आणि एक निरोगी उंदीर एकमेकांना स्पर्श करू शकणार नाहीत अशा रीतीने जवळजवळ ठेवले. आजारी उंदीर मेला, त्याच्या अंगावरच्या पिसवांना मात्र पलीकडे उडी मारण्याइतकी वाट मोकळी होती, आणि काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला.

त्या काळच्या तज्ज्ञांनी यावर विश्वास ठेवला नाही. सरकारने नेमलेल्या पहिल्या प्लेग आयोगानेही पिसवांचा सिद्धांत जवळपास बाजूलाच सारला. पुढे मुंबईतच ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून काम करणारा दुसरा आयोग यांनी प्लेगची लागण झालेल्या घरांत गिनीपिग सोडून पाहिले. जमिनीवर मोकळे सोडलेले प्राणी पिसवांनी भरले आणि मेले. बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले, किंवा पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले, वाचले. हवा सगळ्यांना एकच होती, जमीन आणि भिंती त्याच होत्या. फरक होता तो फक्त पिसू पोचण्या न पोचण्याचा. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात फार थोडे असतील.

पिसवेच्या पोटात काय घडते तेही नंतर उलगडले. जंतू तिच्या अन्ननलिकेच्या टोकाशी वाढून त्यांचा बोळा तयार होतो, रक्त पोटापर्यंत पोचत नाही, पिसू उपाशी राहते आणि भुकेने वेडी होऊन पुन्हा पुन्हा चावत सुटते. प्रत्येक चाव्यात अडलेले रक्त जंतूंसह परत जखमेत ओकले जाते. एरवी ती उंदरावरच राहते, परंतु उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले की ती दुसरे ऊबदार शरीर शोधते, आणि घरात त्या वेळी माणूस असतो.

महाराष्ट्रातील खेड्यांना यातला व्यवहारापुरता भाग आधीच ठाऊक होता. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. पिसू हा शब्दही न उच्चारता हा उपाय रोगाच्या नेमक्या वाटेवर बसत होता, आणि शहरातल्या गटारधुण्यापेक्षा तो अधिक परिणामकारक होता असे म्हणायला हरकत नाही. दवाखान्यांतही एक गोष्ट दिसत होती: गाठींच्या प्लेगच्या रोग्याजवळ बसणाऱ्या नातेवाइकांना आणि परिचारिकांना रोग क्वचितच होई. संसर्ग माणसाकडून माणसाकडे होत असता तर पहिला बळी तेच गेले असते.

साथरोगशास्त्रात या साऱ्याचे तीन भाग पाडतात. जंतू निसर्गात कायमचा जिथे टिकून राहतो ते त्याचे आश्रयस्थान. तिथून तो ज्या मार्गाने बाहेर पडून नव्या शरीरात शिरतो तो प्रसारमार्ग. आणि ज्याच्या अंगात त्याला थोपवण्याची शक्ती नाही ते असुरक्षित शरीर. प्लेगमध्ये आश्रयस्थान उंदीर आणि रानातले इतर कुरतडणारे प्राणी, मार्ग पिसू, आणि शरीर आपले. या तिन्हींपैकी एक जरी तुटले तरी प्रसार थांबतो, पण कोणते तोडायचे आणि कोणते तुटण्यासारखे आहे हे रोगागणिक बदलते.

वाटा

कीटक रोग वाहून नेतात ही कल्पनाच तेव्हा नवी होती. रँडची हत्या झाली त्याच वर्षी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस याला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. मलेरिया पसरवणारा अॅनॉफिलीस डास रात्री चावतो; डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या, गच्चीवरच्या, कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणून मलेरियावर मच्छरदाणीचा जेवढा उपयोग होतो तेवढा डेंग्यूवर होत नाही, आणि गटारावर फवारणी केल्याचे समाधान डेंग्यूच्या बाबतीत बहुतांशी फसवे असते.

डास रक्त पितो, मग त्याच्यातून एड्सचा विषाणू का पसरत नाही, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि तो चांगला प्रश्न आहे. डास म्हणजे एकाचे रक्त ओढून दुसऱ्यात टोचणारी सुई नव्हे. तो चावताना आपली लाळ आत सोडतो, आधी प्यायलेले रक्त नव्हे. डेंग्यूचा विषाणू डासाच्या शरीरात वाढतो, आठ-दहा दिवसांनी त्याच्या लाळग्रंथींपर्यंत पोचतो आणि त्यानंतरच तो डास घातक ठरतो. एड्सचा विषाणू डासाच्या पोटात पचून जातो. प्रत्येक जंतूची वाट अशी त्याच्या स्वतःच्या जीवनक्रमाने ठरलेली असते. ती आपल्या भीतीच्या प्रमाणात रुंदावत नाही.

पाण्यातून आणि अन्नातून येणाऱ्या रोगांत जंतू विष्ठेतून बाहेर पडतो आणि तोंडावाटे आत जातो. पटकी, विषमज्वर, पोलिओ आणि कावीळीचे काही प्रकार हे सगळे याच वाटेचे प्रवासी आहेत. इथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे किती जंतू पोटात गेले असता रोग होतो. पटकी होण्यासाठी साधारणतः लाखो जिवाणू लागतात, कारण जठरातील आम्ल त्यांतील बहुतेकांना मारते. म्हणून पटकी प्रामुख्याने दूषित पाण्याच्या साठ्यातून येते. जिवाणूंमुळे होणाऱ्या आमांशाला, म्हणजे शिगेलाच्या संसर्गाला, दहा ते शंभर जिवाणूही पुरतात, आणि तेवढे तर न धुतलेल्या नखांखाली सहज मावतात. एका रोगासाठी विहीर शुद्ध करणे निर्णायक, दुसऱ्यासाठी साबण.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा हा आजार स्पर्शाने लागतो काय अशी भीती पसरली होती. तो आजार स्वतः संसर्गजन्य नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला चढवते आणि हातपाय लुळे पडतात. त्या वेळी काही रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जिवाणू आढळला. लागण होत होती ती पोटाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गाची, आणि लुळेपणा हा त्याचा थोड्यांच्या वाट्याला आलेला परिणाम होता. लोक घाबरले ते रुग्णाला, तर काळजी घ्यायला हवी होती ती पाण्याची.

मुंबईकरांच्या परिचयाचा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, ही आणखी निराळी वाट. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातला जिवाणू साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, ओरखड्यातून किंवा भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून आत शिरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोची साथ आली. आठवड्यांत, दुसऱ्या दिवशी नव्हे. या विलंबाचे कारण पुढे येईल. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले जाते ते याच विलंबाचा फायदा घेऊन.

हवेच्या वाटेत दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत केली की उपाय चुकतात. खोकताना उडालेले मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तासांपर्यंत तिथली हवा संसर्ग देऊ शकते. क्षयाचेही कण असेच तरंगतात. पहिल्या प्रकारात अंतर उपयोगी पडते, दुसऱ्यात उघडी खिडकी अधिक उपयोगी पडते. कोविडच्या काळात सुरुवातीला टेबले आणि भाजीपाला पुसण्यावर जेवढा भर दिला गेला, तेवढा हवा खेळती ठेवण्यावर दिला गेला नाही. रोगाची मुख्य वाट हवेची आहे हे मान्य व्हायला जगभर वेळ लागला, आणि प्लेगच्या पहिल्या आयोगाकडे आपण फार वरून पाहू नये याला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

आणि एकच जंतू वाट बदलूही शकतो. प्लेगचा जंतू रक्तावाटे फुप्फुसात पोचला की रोग्याच्या खोकल्यातून तो थेट दुसऱ्या माणसाकडे जातो. तिथे ना उंदीर लागतो ना पिसू. गाठींच्या प्लेगवर उपचार न झाल्यास ३० ते ६० टक्के रोगी दगावतात, फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जवळपास सगळेच. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठींच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा एक वर्ष होत आले होते आणि सोडून दिलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले असावेत, असे एक स्पष्टीकरण त्या वेळी पुढे आले. पुढच्या महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. या दुसऱ्या प्रकारात मात्र रोग्याला वेगळे ठेवणे हाच योग्य उपाय आहे. १८९७ मध्ये जे गाठींच्या प्लेगसाठी चुकीचे होते, ते इथे बरोबर ठरते.

किती दिवस, किती जण

जंतू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. प्लेगमध्ये तो साधारण एक आठवड्याच्या आत असतो, फ्लूमध्ये एक ते चार दिवस, लेप्टोमध्ये बहुधा पाच ते चौदा दिवस. पूर ओसरून चिखल वाळल्यावर रुग्णालये भरू लागतात ती यामुळे.

याहून कळीचा प्रश्न असा की माणूस दुसऱ्याला रोग केव्हा देऊ लागतो: लक्षणे दिसल्यावर की आधीच? देवीचा रोगी ताप येऊन पुरळ उठेपर्यंत फारसा धोकादायक नसे, आणि तोवर तो स्वतःच अंथरुणाला खिळलेला असे. २००३ चा सार्स लक्षणे बळावल्यावर पसरत असे. म्हणून तापवाल्यांना शोधून वेगळे ठेवताच तो काही महिन्यांत आटोक्यात आला. कोविडचा विषाणू त्याच कुळातला, पण तो लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरू लागतो, आणि विमानतळावर कपाळाला लावलेला तापमापक त्याच्यापुढे निष्प्रभ ठरला. गोवराचा रोगी पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्गक्षम असतो. घरच्यांना तो साधा सर्दीताप वाटत असतो आणि मूल शाळेत जात असते.

आता संख्येकडे येऊ. ज्या समाजात कोणालाच प्रतिकारशक्ती नाही तिथे एक रोगी सरासरी किती जणांना रोग देईल, त्या आकड्याला आर-नॉट म्हणतात. गोवरासाठी तो १२ ते १८ धरला जातो, फ्लूसाठी एक ते दोनच्या दरम्यान. हा आकडा जंतूचा जन्मजात गुण आहे असे बातम्यांतून भासते, पण तसे नाही. एक रोगी रोज किती जणांना भेटतो, प्रत्येक भेटीत लागण होण्याची शक्यता किती आणि तो किती दिवस संसर्गक्षम राहतो, या तिन्हींच्या गुणाकारातून तो निघतो. धारावीतल्या खोलीत आणि चंद्रपूरच्या विरळ पाड्यात एकाच विषाणूचा आकडा एकच असण्याचे कारण नाही.

शिवाय तो आकडा वेग सांगत नाही. गोवरात एका रोग्याकडून पुढच्या रोग्यापर्यंत रोग पोचायला साधारण अकरा-बारा दिवस लागतात, फ्लूमध्ये सुमारे तीन. बारा दिवसांत गोवराची एक पिढी होते आणि एकाचे पंधरा होतात. तेवढ्याच काळात फ्लूच्या चार पिढ्या होतात आणि दोनच्या पटीने एकाचे सोळा. पंधरा आणि दोन हे आकडे शेजारी ठेवल्यावर जो प्रचंड फरक वाटतो तो दिनदर्शिकेवर नाहीसा होतो. १९१८ चा फ्लू मुंबई बंदरात जूनमध्ये दिसला आणि शरद ऋतूतील दुसऱ्या लाटेत देशभर पसरला. त्यात भारतात एक कोटीहून अधिक लोक मेल्याचे अंदाज आहेत.

आकड्याचा खरा उपयोग लसीकरणाचे लक्ष्य ठरवताना होतो. एक रोगी पंधरा जणांना रोग देऊ शकत असेल तर साथ ओसरण्यासाठी त्या पंधरापैकी निदान चौदा जण सुरक्षित असले पाहिजेत, म्हणजे एका रोग्यामागे सरासरी एकाहून अधिक नवा रोगी उरत नाही. पंधरात चौदा म्हणजे ९३ टक्के. गोवराची लस प्रत्येकाला शंभर टक्के लागू पडत नसल्याने दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना मिळाले पाहिजेत, असे लक्ष्य ठेवले जाते. मात्र जिल्ह्याची सरासरी इथे दगा देते. जिल्ह्यात ९५ टक्के लसीकरण असूनही एखाद्या वस्तीत ते ६० असेल तर विषाणूसाठी ती वस्ती मोकळे रान असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात मुले दगावली. कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झालेले होते आणि दाटीच्या वस्तीत लस न मिळालेली मुले एकत्र राहत होती.

जे संपवता येते आणि जे येत नाही

देवी रोगाचे निर्मूलन झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. प्लेगचे तसे कधी होईल असे दिसत नाही, आणि त्याचे कारण लसीच्या गुणवत्तेत नाही. व्लादिमिर हाफकिन याने मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. परंतु देवीचा विषाणू फक्त माणसात राहत होता. माणसांची साखळी तुटताच त्याला जायला जागा उरली नाही. प्लेगचा जंतू जगातल्या अनेक भागांत रानटी उंदीरवर्गीय प्राण्यांत टिकून आहे. मडागास्करमध्ये आजही दरवर्षी रुग्ण आढळतात. अशा रोगांत निर्मूलनाची भाषा सोडून पहाऱ्याची भाषा बोलावी लागते.

सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांना हा पहारा परिचयाचा झाला आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गेल्या दशकात सह्याद्रीच्या या टोकापर्यंत आला. विषाणू गोचिडीतून पसरतो, रानात माकडे मरू लागतात, आणि काजूच्या हंगामात बागेत पालापाचोळा तुडवत काम करणाऱ्यांना गोचीड चावते. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आसपास विखुरतात, म्हणून तशा माकडाजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे, बागेत जाताना अंग झाकणारे कपडे घालून उघड्या त्वचेला गोचीडरोधक तेल लावायचे आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करायची, हे उपाय सांगितले जातात. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही; आजाऱ्याला वाळीत टाकण्याने काही साधत नाही.

क्षयरोगात यातले काहीच सरळ नाही. आश्रयस्थान माणूसच, मार्ग हवेचा, अधिशयन काही आठवड्यांपासून अनेक वर्षांपर्यंत, आणि जगातील सुमारे चौथा हिस्सा रुग्ण भारतात. उपचार न घेतलेला रोगी वर्षभरात निकटच्या सहवासातील पाच ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो. योग्य औषधे सुरू झाल्यावर मात्र साधारण दोन आठवड्यांत त्याची ही क्षमता बरीच ओसरते, म्हणून इथे लवकर निदान हाच प्रसार रोखण्याचा सर्वांत मोठा मार्ग ठरतो. त्याच्या घरातील माणसांची तपासणी करून ज्यांना सुप्त संसर्ग असू शकतो त्यांना प्रतिबंधक औषध दिले जाते. पण साखळीचा तिसरा दुवा, असुरक्षित शरीर, हा इथे मुख्यतः कुपोषणाने कमकुवत झालेला असतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देण्यात आल्या, आणि त्या घरांत नव्याने होणाऱ्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले.